पावणेदोन लाख किलोमीटर चाललेली सेकंडहँड गाडी घ्यावी का?

चाकोरी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. पहिली गाडी घ्यायची आहे, बजेट तुटपुंजं, त्यामुळे नवीचा विषयच नाही. दोन गाड्या नजरेत आहेत. मॉडेल एकच, दोन्ही पेट्रोल, दोन्हींना हाताचे गिअर, वयात एका वर्षाचा फरक.

पहिलीचं रीडिंग १,७२,००० किलोमीटर. एकच मालक, रोज हायवेने कामाला जाणं-येणं, सर्व्हिसची सगळी बिलं फाइलला लावलेली. दुसरीचं रीडिंग ५८,०००, पण तीन मालक झालेत आणि बिल एकही नाही, विकणारा म्हणतो सगळं वेळच्या वेळी केलंय. किंमत हिची जवळजवळ दीडपट.

घरचे म्हणतात कमी चाललेली घे, पावणेदोन लाख म्हणजे इंजिन संपलं. मला मात्र ती पहिली सोडवत नाहीये. एवढी चाललेली गाडी घेणं चूक आहे का? घ्यायचीच तर काय काय बघून घेऊ? रोजचं साठ-सत्तर किलोमीटर चालणं आहे, किती वर्षं साथ देईल?

सावकाश
पहिली घ्या. बिलं आहेत म्हणताय ना, मग अर्धं काम झालं.

अबोली
मी उलट सांगणार आहे, राग मानू नका. मी अशीच एक घेतली होती, दोन लाखाच्या आसपास झालेली, बिलं होती, मालक सज्जन होता, सगळं होतं. इंजिनाने शेवटपर्यंत एकदाही त्रास दिला नाही, पण बाकी सगळ्याने दिला! आधी रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी तडकली, मग अल्टरनेटर गेला, मग पुढचे दोन्ही शॉकअब, मग एसीचा कॉम्प्रेसर. आठ महिन्यांत हे सगळं. यातली एकही गोष्ट आधीच्या मालकाने लपवली नव्हती, त्या त्या भागाचं आयुष्यच तेवढं होतं आणि ते सगळे एकाच वेळी म्हातारे झाले. त्यामुळे गाडी घ्या, पण सगळे पैसे गाडीतच घालून बसू नका. गाडीच्या किमतीचा निदान पाचवा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला काढा. तो काढता येत नसेल तर तुमचं बजेट तुम्ही समजता त्याहून कमी आहे.

पाना_पक्कड
बावीस वर्षं गॅरेजमध्ये काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरच्यांची भीती समजू शकतो पण मीटर फक्त अंतर मोजतं, इंजिन किती तास फिरलं ते मोजत नाही. हिशोब करून बघा. हायवेची गाडी सरासरी ६० च्या वेगाने चालली धरा, १,७२,००० ला ६० ने भागा, साधारण २,८७० तास येतात. दुसरी शहरात चालली असेल तर गर्दीत सरासरी २० मिळाली तरी खूप, ५८,००० ला २० ने भागा, २,९०० तास. म्हणजे दोन्ही इंजिनं सारखीच फिरलीत! आणि शहरातल्या गाडीने तेवढ्या वेळात क्लच कितीतरी जास्त वेळा दाबलाय, ब्रेक जास्त खाल्लेत, आणि मुख्य म्हणजे थंड इंजिन चालू करून दोन किलोमीटरवर बंद, पुन्हा चालू, असं रोज केलंय. इंजिनाची झीज सगळ्यात जास्त होते ती थंड असताना, ऑइल धड फिरलेलं नसतं, इंधन सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, पाण्याची वाफ आत धरते. तासभर एका चालीने धावणाऱ्या गाडीत हे सगळं उडून जातं.

अबोलीताई म्हणतात तेही शंभर टक्के खरं आहे. चाकांची बेअरिंग, शॉकअब, बुश हे किलोमीटरवरच झिजतात, आणि रबर, प्लॅस्टिक नुसत्या वयानेही जातं. पण ते सगळं बाहेरून लागणारं सामान आहे, बदललं की संपलं. आतून उकळून हेड (सिलिंडरवरचं झाकण) वाकलेलं इंजिन घेतलंत तर ते निस्तरता निस्तरत नाही.

एकच प्रश्न विचारतो, त्या पहिल्या गाडीला वॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा टायमिंग बेल्ट आहे की चेन? आणि बेल्ट असेल तर तो कधी बदलला याचं बिल फाइलमध्ये आहे का?

वळणवाट
+१ पाना_पक्कड, तासांचा हिशोब कधी डोक्यातच आला नव्हता.

घरच्यांना सांगायला एक खरं उदाहरण देतो. ग्रीसमधले टॅक्सीवाले ग्रेगोरिओस साचिनिदिस यांनी १९७६ ची मर्सिडीज २४० डी १९८१ मध्ये जुनी म्हणूनच घेतली, तेव्हाच ती २,२०,००० किलोमीटर चाललेली होती. २००४ मध्ये त्यांनी ती कंपनीकडे सोपवली तेव्हा आकडा ४६ लाखांवर होता. आता ती श्टुटगार्टमधल्या मर्सिडीजच्या म्युझियममध्ये आहे. त्यांनी घेतली तेव्हा ती आपल्या धागाकर्त्याच्या गाडीपेक्षा जवळजवळ पन्नास हजार जास्त चाललेली होती!

आडवाटेने
पण त्यांनी इंजिनं आलटून पालटून बसवली होती ना त्या गाडीत? एकाच इंजिनावर नाही झाले ते ४६ लाख.

वळणवाट
हो, बरोबर, स्वतः इंजिनं काढून, दुरुस्त करून पुन्हा बसवायचे. मग दुसरं उदाहरण घ्या, अमेरिकेतले शिक्षक इर्व्ह गॉर्डन. १९६६ मध्ये व्होल्वो पी १८०० एस नवी घेतली, कामाला जाऊन-येऊन रोजचे सुमारे २०० किलोमीटर, आणि २०१३ मध्ये ३० लाख मैल पूर्ण केले, म्हणजे ४८ लाख किलोमीटरच्या वर. तिचंही इंजिन मध्ये उघडून नवं करावं लागलंच, पण ते लाखो मैल झाल्यावर. त्या माणसाचं वैशिष्ट्य काय, तर ऑइल वेळेच्या आधी बदलायचं आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलंय ते करायचं, बस्स.

रात्रपाळी
धाग्याला थोडा फाटा फोडतोय, माफी. माझ्या गाडीचे २,१०,००० झालेत. ५०-६० च्या वेगाला कुठूनतरी घूंऽऽ असा आवाज येतो, वेग वाढला की वाढतो. टायरचा आहे की आणखी कशाचा? कोणी सांगेल का?

किल्ली
गाडी बघायला जाताना काय करायचं ते मी माझ्या अनुभवावरून सांगते, तीन जुन्या गाड्या घेतल्यात आतापर्यंत.

सकाळी जा, आणि आधी फोनवर सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या आधी बोनेटवर तळहात ठेवा. गार लागलं पाहिजे. गरम इंजिन सगळे दोष लपवतं. मग बोनेट उघडून डिपस्टिक बघा, ऑइलच्या टाकीचं झाकण उलटं करून बघा, त्याला साय धरल्यासारखं पिवळट काही चिकटलंय का. थोडं असेल तर छोट्या फेऱ्यांनीही होतं, पण कूलंटमध्ये तेलाचा तवंग आणि इकडे साय, असं दोन्हीकडे असेल तर तिथूनच परत फिरा.

मग दुसऱ्याला चालू करायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरच्या मागे उभ्या राहा (किंवा उभे राहा, धागाकर्ते दादा आहेत वाटतं). सुरुवातीला निळसर धुराचा एक झोत आला आणि थांबला तर वॉल्व्हची सील गेलीत, हे चालवून घेता येतं. चालवताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की निळा धूर येत राहतो ते पिस्टनच्या रिंगांचं दुखणं, ते मोठं. दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नाही म्हणजे कूलंट जळतंय, हेड गास्केट. थंडीत सकाळी येणारी पातळ पांढरी वाफ वेगळी, तिला घाबरू नका.

चालवताना चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर असताना अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी काही पुढे सरकली नाही तर क्लच प्लेट घसरतेय. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, कट कट कट आवाज आला तर अ‍ॅक्सलचा जॉइंट.

सावकाश
किल्लीताई, हा प्रतिसाद प्रिंट काढून गाडीत ठेवण्यासारखा आहे.

जुनाजाणता
एक राहिलं. टायरवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच टायर पाच वेगवेगळ्या वर्षांचे निघाले तर विचारा का ते. आणि ५८ हजार चाललेल्या गाडीचे पहिले टायर जाऊन दुसरे आलेत आणि तेही गोटा झालेत, असं दिसलं तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

आडवाटेने
ऑटोमॅटिकवाल्यांसाठी काही? माझी १,४०,००० झालीय, गिअरचं ऑइल कधीच बदललेलं नाही, पुस्तकात लिहिलंय आयुष्यभर पुरतं.

जुनाजाणता
हात लावू नका. जुनं ऑइल काढलं की गिअरबॉक्स घसरायला लागतो, दोघांच्या गाड्या माझ्या डोळ्यांसमोर गेल्यात.

पाना_पक्कड
जुनाजाणता काका, तुमच्याबद्दल आदर आहे पण इथे पूर्ण असहमत. त्या दोन गाड्या नवीन ऑइलने गेल्या नाहीत, त्या आधीच घसरत होत्या म्हणून मालकाने घाबरून ऑइल बदललं. गिअरबॉक्समधल्या क्लचच्या चकत्या झिजल्या की त्याचा भुगा ऑइलमध्ये फिरतो, ऑइल जळून काळं पडतं. 'आयुष्यभर' म्हणजे कोणाचं आयुष्य ते पुस्तकात लिहिलेलं नसतं. आडवाटेने, तुमची गाडी आत्ता नीट गिअर बदलतेय ना? मग मशीन लावून दाबाने धुवून काढायच्या भानगडीत पडू नका. खालचा बोल्ट उघडून जेवढं पडेल तेवढं काढा, तेवढंच मोजून नवं घाला, ग्रेड पुस्तकात दिलेलीच. एका वेळी अर्ध्याहून कमीच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. काही हजार किलोमीटरने पुन्हा एकदा, पुन्हा एकदा. आधीच झटके देत असेल, घसरत असेल, तर मात्र काकांचं म्हणणं ऐका, तिथे ऑइल बदलून काही होत नाही.

जुनाजाणता
हळूहळू बदलायला माझी ना नाही. दाबाने धुण्यालाच माझा विरोध आहे.

अबोली
मला इथे सुरक्षेचं कोणी बोललेलं दिसत नाही म्हणून पुन्हा येते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. नवीन डॉट ४ ऑइलचा उकळबिंदू निदान २३० अंश असावा लागतो, ओल धरल्यावर तोच १५५ पर्यंत खाली आलेला चालतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबत राहिलात की ते उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. माझ्यासोबत झालंय हे, उतारावर, गाडीत मुलं होती. पहिला-दुसरा गिअर टाकून, हँडब्रेक हळूहळू ओढून थांबवली. तेव्हापासून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल म्हणजे ऑइल. जुनी गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात हे करा, गाण्याचा सेट नंतर बसवा.

चाकोरी
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. आज दुसरी गाडी (५८,००० वाली) बघून आलो, सविस्तर सांगतो.

किल्लीताई, तुम्ही सांगितलं तसं फोन केला, सात वाजता येतो, चालू करू नका म्हटलं. सातला पोचलो, बोनेटवर हात ठेवला, गरम! विचारलं तर म्हणे आत्ताच जागा बदलून लावली. मग आत बसलो. स्टेअरिंगवर नवं कव्हर, सीटवर नवं कव्हर. ब्रेक आणि क्लचच्या पेडलवरचे रबर कोरे करकरीत, त्यावरच्या रेघा बोटाला टोचत होत्या. आणि बाजूला पाय टेकवायची जी पट्टी असते, जी कोणी बदलत नाही, ती टाचेने पार झिजून मध्ये खड्डा पडलेला. ५८ हजारांत एवढं कसं होईल?

निघताना सहज ड्रायव्हरचा सीटबेल्ट पूर्ण ओढून बाहेर काढला. शेवटचा वीतभर पट्टा जो कधीच बाहेर येत नाही, त्यावर आडवी तपकिरी रेघ होती आणि रेघेच्या खाली कापड कडक झालेलं, घासलं तर बोटाला बारीक माती लागली. मी काही बोललो नाही, धन्यवाद म्हणून निघालो.

किल्ली
अरे देवा! पाण्यात बुडालेली गाडी. सुटलात.

पाना_पक्कड
शाब्बास! बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघणं भल्याभल्यांना सुचत नाही. बुडालेल्या गाडीच्या वायरिंगचे जॉइंट आतून हिरवे पडत जातात आणि दोष वर्षभराने बाहेर यायला लागतात, आज एअरबॅगचा दिवा, उद्या काचा बंद. त्यावर इलाज नाही.

पुढच्या गाडीला जाताना एक छोटा स्कॅनर मिळाला तर घेऊन जा, स्टेअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं त्यात लावायचा. एरर कोड नाहीत म्हणून खूश होऊ नका, कोड कालच पुसलेले असू शकतात. त्यात तपासण्यांची एक यादी दिसते, त्यातल्या बऱ्याच अजून अपूर्ण दाखवत असतील तर कोणीतरी नुकतंच पुसलंय किंवा बॅटरी काढलीय असं समजा. शंभर-दीडशे किलोमीटर चालवून पुन्हा बघा.

रात्रपाळी
माझ्या घूंऽऽ आवाजाचं काय झालं हो?

आडवाटेने
मीटर मागे फिरवणं आता डिजिटल झाल्यावर अवघड झालं असेल असं मला वाटायचं.

पाना_पक्कड
उलट सोपं झालंय. पूर्वी काट्याचं मीटर उघडताना आकड्यांच्या ओळी वाकड्या व्हायच्या, बघून कळायचं. आता लॅपटॉप लावून काम होतं. बिलांवरचे आकडे, तपासणीचे जुने कागद, बोनेटखाली ऑइल बदलल्याचा चिकटवलेला कागद, हे सगळं चढत्या क्रमाने जुळतंय का एवढंच आपल्या हातात. म्हणून बिलांची फाइल एवढी मोलाची.

चाकोरी
दोन आठवड्यांनी येतोय. पहिली गाडी घेतली!

मालकांनी गाडी स्वतःहून गार ठेवली होती. धूर नाही. मेकॅनिकला सोबत नेलं होतं, त्याने चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, १२, ११.८, १२.१ आणि ११.७ बार. तो म्हणाला आकडा केवढा यापेक्षा चौघांचं एकमेकांशी जुळतंय हे महत्त्वाचं. दोष निघाले ते असे: पुढचा डावा शॉकअब तेल गाळतोय, इंजिनच्या वरच्या कव्हरच्या गास्केटला घाम, मागचे टायर सात वर्षांचे.

आणि पाना_पक्कड, तुमचा प्रश्न. बेल्टच आहे. फाइल दोनदा चाळली, बेल्टचं बिल ८१,००० ला एकदाच. पुस्तकात दर ९०,००० ला किंवा सहा वर्षांनी बदला असं आहे. म्हणजे मुदत १,७१,००० ला संपली, आणि वर्षांच्या हिशोबाने तर आधीच. मालकांना दाखवलं, त्यांनाही वाईट वाटलं, म्हणाले विकायचीच आहे म्हणून यंदा राहून गेलं. त्यांनी तेवढी किंमत कमी केली, शॉकअबचीही थोडी.

घरच्यांना तासांचा हिशोब मांडून दाखवला. वडिलांनी कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः करून बघितला, मग काही बोलले नाहीत.

अबोली
अभिनंदन! पैसे बाजूला ठेवलेत ना?

चाकोरी
ठेवलेत ताई, तुमचा प्रतिसाद वाचूनच दीडपट किमतीच्या दुसऱ्या गाडीचा नाद आधी डळमळला होता.

पाना_पक्कड
अभिनंदन. आता बेल्ट बदलेपर्यंत गाडी उभीच ठेवा, माझं ऐका. बहुतेक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन वर येऊन उघड्या वॉल्व्हवर आपटतो, वॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं. बेल्टबरोबर टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणून धरणाऱ्या, वळवणाऱ्या पुली) आणि वॉटर पंप पण बदला, पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर. तोच सगळा भाग पुन्हा उघडायची मजुरी दुसऱ्यांदा का द्यायची. कूलंट तसंही काढावं लागेलच, नवं भरा, थर्मोस्टॅटही त्याच वेळी. जुनं इंजिन मरतं ते बहुतेक वेळा उकळून मरतं. तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून जरा वर सरकला की तिथेच बाजूला घेऊन बंद करायची, "घर दोनच किलोमीटर राहिलंय" असं म्हणायचं नाही.

ऑइल दर हजार किलोमीटरला डिपस्टिकवर बघा, सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी. थोडं प्यायलं तर टॉपअप करा, पिणाऱ्या इंजिनाने काही होत नाही, कोरड्या इंजिनाने होतं. सकाळी चालू करून दहा मिनिटं उभी ठेवायची गरज नाही, अर्ध्या मिनिटाने निघा आणि काटा वर येईपर्यंत हळू चालवा.

आणि रात्रपाळी, तुमचं राहूनच गेलं, माफ करा. रिकाम्या रस्त्यावर ६० ला असताना हलकं डावीकडे झोकून बघा, मग उजवीकडे. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर येतं, तेव्हा आवाज वाढला तर बहुधा उजवं बेअरिंग, उलट असेल तर डावं. वळून काहीच फरक पडत नाही पण रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की आवाज बदलतो, तर टायर. बेअरिंग निघालं तर टाळू नका, चाकालाच खेळ येतो.

रात्रपाळी
आत्ताच जाऊन बघून आलो. उजवीकडे वळलं की वाढतो, डावीकडे जवळजवळ बंद होतो. म्हणजे डावं. उद्याच टाकतो गॅरेजला. खूप धन्यवाद!

चाकोरी
काल बेल्टचं काम झालं, पंप, टेन्शनर, थर्मोस्टॅट, ब्रेक ऑइल सगळं. मी तिथेच उभा होतो. जुना बेल्ट मागून घेतला, घरी टेबलावर आहे. वरून चांगला वाटतो, पण उलटा वाकवला की दातांच्या मुळाशी केसासारख्या भेगा दिसतात, एका वीतभर तुकड्यात मी अकरा मोजल्या, आणि एका दाताचा कोपरा तर नखाने हलतो.

जुनाजाणता
तारीख आणि रीडिंग कागदावर लिहून बोनेटच्या आतून चिकटवा. तुमच्याकडून जो घेईल त्याला लागेल.

चाकोरी
चिकटवलं काका. १,७२,४४० ला बदलला, पुढचा २,६२,४४० ला, असं लिहिलंय.